आत्याच्या पाटीनं मापलेली गाडी

आत्या गेली त्या दिवशी सकाळी मासलीची रिकामी पाटी घेऊनच आमच्याबरोबर वाशीच्या दुकानात आली. माज्या जुळ्या पोरींना बाबागाडी घ्यायची होती. मला शेजारी-शेजारी सीटवाली आवडलेली. आत्यानं तिच्यावर पाटी ठेवून बघितली.

"दादा, दिवाळे गावात आमच्या गल्लीतून माजी पाटी जेमतेम जाते. ही तर पाटीपेक्षा रुंद हाय. पोरींना काय गल्लीच्या तोंडाशी ठेवू?"

दुकानदार हसला. मग पुढे-मागे सीटवाली घेतली.

मी म्हनाले, "मागची रडेल ना."

"मग जागा बदल गो. तुला दुसरं काय काम हाय?"

दुपारी आत्या जेवून झोपली, ती उठलीच नाय.

बारावं झाल्यावर पोरींना गाडीतून गल्लीत नेलं. गाडी कुठं घासली नाय. मागची रडायला लागली. मी जागा बदलली.