सहावी जबानी

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. पंचवीस वर्षं मुंबईत वर्तमानपत्रात क्राइम रिपोर्टिंग केलं. भुताटकीच्या तीन बातम्या टेबलावर आल्या, तिन्ही मी स्वतः काढून टाकल्या – सोर्स नव्हता म्हणून. आज लिहितोय त्यालाही सोर्स नाही. जे घडलं ते क्रमाने देतो.

निवृत्तीनंतर मी कोकणात, खाडीकाठच्या आगरदांड्याला राहतो, जेटीपासून चालत सात मिनिटं. शेजारचं घर रफीकचं. तो कुवेतला नोकरीला. घरी आई मरियमबी, बायको नसरीन आणि चार वर्षांची मुलगी. गेल्या पावसाळ्यात मरियमबी दम्याचा झटका येऊन वारल्या. मागच्या पडवीला लागून असलेल्या खोलीत, भर दुपारी. श्वासाचा पंप स्वयंपाकघरात राहिला होता. नसरीन तो घेऊन धावली, पण दार उघडेना. तिच्या हाका ऐकून दोन माणसं आली, दोघांनी खांदा लावला, दार उघडलं… तोवर उशीर झाला होता.

त्या दाराला बाहेरून कडी आहे. धावत आलेल्यांपैकी एकाने नसरीनचा हात त्या कडीवर पाहिला होता. सासू-सुनेचं पटत नव्हतं, हे सगळ्या आळीला माहीत. पोलिसांत कोणी गेलं नाही. पण तिनेच कडी लावली होती, हे बोलणं थांबलं नाही. डिसेंबरात रफीक सुटीवर आला, तेव्हा घरच्यांनी ठरवलं – शुक्रवारी नमाजनंतर बसायचं. नसरीनला माणगावला माहेरी पाठवायचं का, आणि मुलगी इथेच ठेवून घ्यायची का, याचा निर्णय. रफीकचे चुलते इस्माईलचाचा मला म्हणाले, "तुमी पन बसा. बाहेरचा मानूस असलेला बरा."

बुधवारी माझी भाची सई पुण्याहून आली. तिच्या लॅपटॉपवर एक छोटा डिटेक्टिव्ह गेम होता – कुठल्याशा परदेशी जोडप्याने घरी बसून बनवलेला, दीड तासात संपणारा. डोंगरावरचं हॉटेल, बंद खोलीत खून, पाच संशयित – स्वयंपाकी, विधवा, डॉक्टर वगैरे. प्रत्येकाला प्रश्न विचारायचे आणि शेवटी एकाचं नाव घ्यायचं. आम्ही दुपारी तीनला बसलो. सवयीने मी वही घेतली. प्रत्येक जबानीला नंबर, वेळ, नाव.

"मामा, तो स्वयंपाकी कार्टून आहे," सई म्हणाली. "चुकीचं छापलंत तरी तो नोटीस पाठवणार नाही."

मी विधवेचं नाव घेतलं. खुनी डॉक्टर निघाला. संध्याकाळभर सई चिडवत होती, "आणि म्हणे क्राइम रिपोर्टर!"

दुसऱ्या दिवशी सकाळी, कुठे चुकलो ते बघायला वही उघडली. जबान्या सहा होत्या.

सहावी माझ्याच अक्षरात. वेळ ३.४०. नाव नाही. मजकूर असा: "दाराखाली पोतं मीच सारलं. पावसाचं पाणी आत येत होतं. दार आत उघडतं, ते पोत्यावर अडकलं. ती बाहेरून ढकलत होती. कडी लावलेली नव्हती."

मी सईला दाखवलं. म्हटलं, गेममधलं हे कोण बोललं?

"गेममध्ये पाऊस कुठेय मामा? बर्फ आहे."

आम्ही गेम पुन्हा पहिल्यापासून खेळलो. संशयित पाचच. पोतं नाही.

"तीन चाळीसला काय चाललं होतं?" मी विचारलं.

"मी चहा टाकत होते. गेम थांबवून ठेवला होता. तुम्ही इथून म्हणालात, 'जरा हळू सांगा.' मला वाटलं, मलाच म्हणताय. मी विचारलं, आलं घालू का?"

मला यातलं काहीही आठवत नाही. मरियमबींच्या त्या खोलीत मी कधी गेलो नव्हतो. पोत्याचा उल्लेख आळीत कोणाच्याही तोंडून ऐकला नव्हता.

शुक्रवारी आठजण बसले. नसरीन दारापाशी उभी, मुलगी कडेवर.

"कडीवर हात व्हता का न्हाय तुजा?" इस्माईलचाचांनी विचारलं.

"व्हता. लागलीय का बघत व्हते."

कोणी वर पाहिलं नाही. रफीकही नाही. मी विचारलं, "मय्यतीनंतर ती खोली कोणी साफ केली?"

मय्यतीला गुसल, म्हणजे शेवटची अंघोळ, द्यायला आलेल्या रफीकच्या आत्या फातिमाबींनी. त्या आता खाडीपलीकडे दिघीला लेकीकडे असतात. रफीकने फोन स्पीकरवर लावला आणि मी सांगितलं तसं विचारलं.

"पोतं? व्हय, व्हतं की दारामागं. चिंब भिजलेलं, दारानं रगडून फाटलेलं. मी कुंपनावर सुकत टाकलं. का रं?"

"तवा बोलली का न्हायस, फुफी?"

"अल्ला! मय्यत झालेल्या घरात पोत्याचं कोन बोलतंय? तू तरी इचारलंस?"

फोन बंद झाल्यावर रफीक उठला आणि त्याने नसरीनच्या कडेवरची मुलगी घेतली. मला वाटलं, हिरावून घेतोय. तो नुसता म्हणाला, "बस. कधीची उभी हायस."

इस्माईलचाचा माझ्याकडे वळले. "तुमाला कोनी सांगितलं?"

"एका बाईने," मी म्हणालो. त्यांनी पुढे विचारलं नाही.

नसरीन आणि मुलगी आजही शेजारीच राहतात. मी नंतर फेरीबोटीने दिघीला जाऊन फातिमाबींना भेटलो – आयुष्यात पहिल्यांदा. त्या फोनआधी त्यांनी ही गोष्ट कोणालाच सांगितली नव्हती. सई म्हणते, तुमच्या मनानेच जुळवलं असेल. असेलही. पण पोतं मनाला कळलं कुठून?

वहीचं सईनेच नसरीनला सांगितलं असावं. रफीक कुवेतला परत गेल्यावर एका दुपारी नसरीन आली. "काका, बघू?" म्हणाली. उभ्याउभ्याच वाचलं. दोनदा.

"अजून काय म्हनाल्या?"

"एवढंच आहे."

"माज्याबद्दल… पुडच्या पानावर?"

मी पान उलटलं. कोरं होतं. ती हलली नाही. मग मी त्याच्या पुढचं उलटलं, आणि त्याच्या पुढचं. वही संपेपर्यंत ती प्रत्येक पान बघत राहिली.