समोरच्या घरातली आइसलंडची मावशी

जगात खुर्ची नावाची वस्तू निर्माणच झाली नसती तरी जिचं काही अडलं नसतं, अशी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. ती आमच्या समोरच्या घरात राहायची. मूळची आइसलंडची. तरुणपणी बोटीवरच्या एका स्कॉटिश इंजिनिअरशी लग्न करून ग्लासगोजवळच्या आमच्या या लहानशा गावात आली. पुढे नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हा तिने सगळं गावच अंगावर घेतलं. माझ्या नवऱ्याच्या हॉस्पिटलातल्या नोकरीपायी मी नागपूरहून इथे आले, त्याच आठवड्यात ती दारात उभी राहिली. आमचे खोकेही उघडले नव्हते. उंच, पांढऱ्या केसांची, जाड लोकरी स्वेटर घातलेली. नमस्कार-चमत्कार काही नाही, पहिला प्रश्न हाच, "मतदारयादीत नावं घातलीत का?" मी म्हटलं, आम्ही तर परवाच आलो, आम्हाला कसलं मत! त्यावर ती जवळजवळ चिडलीच. "तुम्ही भारतीय, राष्ट्रकुलातले. तुम्हाला इथे आल्याआल्या मत देता येतं. मला त्यासाठी एका स्कॉटिश माणसाशी लग्न करावं लागलं!"

तिला हाक कशी मारायची हा मोठाच पेच होता. "आमच्याकडे पंतप्रधानालासुद्धा नावानेच हाक मारतात," ती म्हणायची. पण साठीच्या बाईला नुसत्या नावाने बोलवायला माझी जीभ रेटेना. शेवटी मी 'मावशी' म्हणून मोकळी झाले. तिने अर्थ विचारला. मी म्हटलं, आईची बहीण. "म्हणजे बाळंतपण नाही, पण रागवायचा हक्क आहे. चालेल!" गावचा कारभार पाहणाऱ्या काउन्सिलच्या पुढच्याच मीटिंगमध्ये तिने स्वतःची ओळख 'मौशी' अशी करून दिली, आणि बघता बघता पोस्टमनपासून चर्चच्या पाद्र्यापर्यंत सगळे तिला मौशी म्हणू लागले.

कॉफी उभ्याने, पेपर उभ्याने, विणकाम चालता चालता. स्टॉपवर बसची वाट पाहत थांबणं तिला जमायचंच नाही. ती पुढच्या स्टॉपकडे चालू लागे आणि ड्रायव्हर तिला ओळखून वाटेत गाडी थांबवत. चालता चालता कुणाच्या आजीला औषध पोहोचव, फुटलेल्या फूटपाथसाठी काउन्सिलला फोन कर, नव्या पोलिश कुटुंबाला शाळा दाखव, हे सुरूच. एकदा गणपतीला तिला जेवायला बोलावलं. पाहुणी म्हणून आली आणि पाच मिनिटांत हातात वरणाचं भांडं घेऊन वाढायला लागली. "अगं, तिला बसव तरी," आमचे हे मला स्वयंपाकघरात येऊन सांगत होते. बसवणार कोण? आरतीला मात्र ती शोभून दिसली, कारण आरतीत कुणीच बसत नाही.

पण तिचा जीव अडकला होता गावच्या स्विमिंग पूलमध्ये. तिच्या देशात जमिनीतूनच गरम पाणी निघतं, गावोगाव पूल, आणि मुलं जशी लिहायला शिकतात तशीच पोहायलाही शिकतात म्हणे. मी आयुष्यात नागपूरचा अंबाझरी तलाव पाहिला होता, तोही काठावरून. "बेटावर राहतेस आणि पोहता येत नाही?" असं म्हणून तिने काउन्सिलच्या मागे लागून फक्त बायकांसाठी एक तास मिळवला, काचांना पडदे लावून घेतले, आणि मला, शेजारच्या पाकिस्तानी डॉक्टरीणबाईंना आणि आणखी कितीजणींना पाण्यात उतरवलं. मी कडेचा दांडा सोडेना.

"सोड!"

"मावशी, मी बुडेन!"

"पाणी कमरेएवढं आहे. बुडायचं असेल तर आधी खाली बसावं लागेल, आणि बसायला मी कुणाला देत नाही!"

मला हसू फुटलं, हसण्यात हात सुटला, आणि मी तरंगले. त्या दिवसापासून मला हे गाव आपलं वाटू लागलं.

काही वर्षांनी खर्च परवडत नाही म्हणून काउन्सिलने पूल बंद करायचं ठरवलं. मावशी भर पावसात दारोदार फिरली. शेवटच्या मीटिंगला हॉल भरला होता. ती बोलत असताना मागून एक माणूस ओरडला, "गरम पाण्याची एवढी हौस असेल तर जा ना आपल्या देशात!" मावशी शांतपणे म्हणाली, "माझा नवरा इथल्या मातीत आहे. आणि तुझ्या मुलीला पोहायला मी शिकवलं. कशी आहे ती?" तो माणूस मान खाली घालून "बरी आहे," म्हणाला.

तरी पूल बंद झाला. दाराला कुलूप लागलं त्या दिवशी ती समोर उभी होती, हात खिशात, पाय एका जागी. तिला अशी निश्चल मी कधी पाहिली नव्हती. मला भीतीच वाटली. मग ती एकदम वळली. "पलीकडच्या गावात पूल आहे. गुरुवारी सकाळची बस. सगळ्यांना सांग." आणि चालू लागली.

पुढे तिचं खुब्याचं हाड मोडलं. जिने चढवेनात, एकटीने राहणं अवघड झालं. धाकटी बहीण येऊन तिला आइसलंडला घेऊन गेली. निघताना निम्मा रस्ता निरोपाला जमला होता, आणि ती गाडीच्या काचेतून कुणाच्या तरी तुंबलेल्या पन्हळीकडे बोट दाखवत होती.

परवा संध्याकाळी फोन केला. "कशी आहेस, मावशी?"

"कंटाळले. इथे बस वेळेवर येते. रस्ते साफ. पूल गरम. करण्यासारखं काही उरलेलंच नाही गं." आवाज असा थकलेला, म्हातारा, मी पूर्वी कधी ऐकला नव्हता.

मी खिडकीशी गेले आणि म्हटलं, "मावशी, आपल्या कोपऱ्यावरचा दिवा बंद पडलाय बघ."

"कधीपासून?" आवाज एकदम ताठ झाला. "तक्रार केलीस? कुणाशी बोललीस? थांब, पेन घेते."

ती भराभर सांगत राहिली आणि मी हो, हो म्हणत राहिले. खिडकीबाहेर दिवा लख्ख जळत होता.