वजूला जाताना फळीवर ठेवलेला कुरआन

मी बोलायला लागलो की खाडीतल्या बोटभर माशाचा देवमासा होतो, हे आमच्या दापोलीकडे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून आधीच सांगून टाकतो, ही हकीकत मी वाढवलेली नाही. वाढवायला गेलो होतो, आणि तिथंच मरता मरता वाचलो.

रियाधच्या एका इस्पितळात मी एक्स-रे काढतो. अम्माच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा तिने गावाहून येणाऱ्या माणसाच्या हाती तिच्या आजोबांनी स्वतःच्या हाताने लिहून काढलेला कुरआन माझ्याकडे पाठवला. फोनवर म्हणाली, "मदिन्याला ने, तिथं एक पान वाच आणि परत घेऊन ये. ऑपरेशनच्या आधी यासीनचा अध्याय मी त्यातूनच वाचणार." आवाज अगदी बारीक झाला होता.

मदिन्यात पोहोचलो. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथूनच मुंबईचं विमान होतं. मशिदीत पान वाचलं, आणि मग वजू करायला, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुवायला, निघालो. कुरआन न्हाणीघराकडे कसा न्यायचा? म्हणून मशिदीच्या खांबापाशी कुरआनांची कपाटं असतात, त्यातल्या एका फळीवर ठेवला. दहा मिनिटांत परतलो तर फळीवर सगळ्या एकाच छापाच्या, एकाच रंगाच्या प्रती. अम्माचा नव्हता.

छातीत असा ढोल वाजू लागला की शेजारचा तुर्क नमाजी वळून बघायला लागला, खरंच. साफसफाईवाल्या बंगाली भाईने समजावलं, इथल्या छापाची नसलेली प्रत दिसली की उचलून मशिदीच्या ग्रंथालयात देतात. आणि फळीवर ठेवलेला कुरआन म्हणजे लोक वक्फ समजतात, अल्लाहच्या नावाने दिलेला. एकदा दिलेला वक्फ परत मागता येत नाही, हे मला लहानपणापासून माहीत. अम्माला काय तोंड दाखवू?

ग्रंथालयात पुस्तकांच्या भिंती छतापर्यंत, आणि शांतता अशी की माझा घाम टपकलेला ऐकू यावा. टेबलामागच्या कारकुनाला मोडक्या अरबीत सांगायला लागलो. भीतीने माझी जीभ नेहमीच्या वाटेला गेली. म्हटलं, तीनशे वर्षांचा कुरआन आहे, सोन्याच्या शाईचा, नवाबाच्या कातिबाने लिहिलेला. वाटलं, मोठी वस्तू म्हटल्यावर धावपळ करतील. केलीच. कारकून उठून उभा राहिला, हस्तलिखितांच्या विभागात फोन लावला. एवढी जुनी वस्तू असेल तर ती बाहेर जाणार नाही, वरचे साहेब येऊन बघतील, म्हणाला. माझ्या हाताने मी अम्माचा कुरआन कुलपात घातला होता.

शेजारच्या मेजावर एक म्हातारे हैदराबादी चाचा भिंग घेऊन वाचत बसले होते. सगळं त्यांनी ऐकलं होतं. भिंग खाली ठेवून हळूच म्हणाले, "मियाँ, तुम्हारी किताब को तुम्हारीच जुबान रोक रही. सच बोलो, उतनाच मैं अरबी में बोलता."

तासाभराने साहेब आले. मी मान खाली घालून सांगितलं. सोनं नाही, नवाब नाही. अम्माचे आजोबा गलबतावर तांडेल होते, पावसाळ्यात घरी बसून त्यांनी तो लिहिला. यासीनच्या पानावर अम्माच्या अंगठ्याचा हळदीचा डाग आहे. दान द्यायची माझी नियत नव्हती, मी फक्त वजूला गेलो होतो. यापुढे माझ्याकडे शब्द उरले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच. मनात म्हटलं, या अल्लाह, तुला ठेवायचा असेल तर ठेव, अम्माला तूच सांभाळ.

साहेबांनी आतून कुरआन मागवला, यासीन उघडली, तो हळदीचा डाग पाहिला. मग तो माझ्या हातात दिला. म्हणाले, पाठ उसवली होती, आमच्या माणसाने शिवली आहे, गोंद ओला आहे, असरच्या नमाजापर्यंत उघडू नका.

लोक विचारतात, चाचा अंतर्धान पावले का? छे, माझ्याबरोबर चहा प्यायले, वर दोन समोसेही. पण त्या मेजावर त्या वेळी त्यांना बसवलं कुणी, याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि मी ते शोधतही नाही.

मुंबईत ऑपरेशनच्या सकाळी अम्माने यासीन वाचली. कुरआनाच्या पाठीवरचे नवे टाके बोटाने चाचपत तिने विचारलं, हे कुणी केलं? मी घडलं तेवढंच सांगितलं. ती म्हणाली, "आता मला भीती नाही." स्ट्रेचर आत गेलं. मी दाराबाहेर उभा राहिलो, आणि काही मागितलं नाही. नुसते हात उघडे ठेवले.