सात ते आठ मराठी बंद

आमच्या चारकोपच्या घरात संध्याकाळी सात ते आठ मराठी बोलायला बंदी होती. बंदी मीच घातली होती.

कारण ओंकार. आमचा मुलगा रशियात डॉक्टर झाला आणि पदवी घेताना आईबाबा समोर हवेत म्हणाला. वर हेही म्हणाला, "बाबा, तुम्ही नुसतं हसून मान हलवा, बाकी मी बघतो." माझं डोकंच फिरलं! आयुष्यभर कारखान्यात सुपरवायझर होतो, माणसं चळचळा कापायची, आणि हा मला मान हलवायला सांगतो? वीस रशियन वाक्यं देवनागरीत लिहून मी फ्रिजवर चिकटवली आणि बायकोला फर्मान सोडलं : सात ते आठ फक्त रशियन. मराठी शब्द आला की तास पुन्हा पहिल्यापासून!

"आणि कुकर लावू की नको, ते रशियनमध्ये कसं विचारू?" सुषमा म्हणाली.

"उपाशी राहू! पण रशियनमध्ये राहू!"

निघायच्या दोन दिवस आधी, सव्वासातला रद्दीवाला आला. सुषमा स्वयंपाकघरात होती. मी टीव्हीखालचा पेपरांचा गठ्ठा उचलून त्याच्या हातगाडीवर टाकला. (त्याच्याशीही खुणांनीच बोललो. नियम म्हणजे नियम!) आता, चोराला संशय येऊ नये म्हणून व्हिसा लागलेले दोन्ही पासपोर्ट जुन्या पेपरात गुंडाळून त्याच गठ्ठ्यात कोणी ठेवले होते? मीच! पण तेव्हा ते माझ्या टाळक्यात असेल तर शपथ.

सुषमा बाहेर आली. रिकामा कोपरा बघून चरकली. "अहो, ते पेपर..."

"रशियन!" मी गरजलो.

"अहो, ऐका तरी..."

"र-शि-यन! तास पहिल्यापासून!"

ती रागाने लालबुंद झाली. दात आवळून म्हणाली, "ग्द्ये पासपोर्त?"

पासपोर्ट कुठे आहे! यादीत फक्त 'मेट्रो कुठे आहे' होतं. बाईने स्वतःचं वाक्य बनवलं! मी टाळ्या वाजवल्या.

ती दाराकडे धावली. तास सोडून पळते म्हणजे काय? मी दारात आडवा उभा राहिलो. माझ्या खांद्यावरून ती किंचाळली, "स्तोय्ते! स्तोय्ते!" म्हणजे थांबा.

"पजालुस्ता राहिलं!" आत जा, आत जा असा हात हलवत मी खेकसलो. "कृपया कोण म्हणणार? तिकडे उद्धट समजतील!"

"पमगीत्ये!" म्हणजे वाचवा.

"हां, आता कसा जीव आला उच्चारात!"

मग ती एकदम शांत झाली. गल्लीच्या टोकाकडे बघत तिने हात हलवला. "दा स्विदानिया." म्हणजे टाटा. मी दहापैकी दहा दिले.

पुढच्या क्षणी तिच्यातली मालवणी उसळली. "आग लागो तुमच्या रशियनाक! पासपोर्ट गेले रद्दीत!"

मी अनवाणी धावलो. रद्दीच्या दुकानात आम्ही दोघांनी गोणीमागून गोणी उपसली. तिसऱ्या गोणीत पासपोर्ट सापडले. जिवात जीव आला, तसा माझा पारा पुन्हा चढला. मी रद्दीवाल्यावर धावून गेलो, "बाई एवढी बोंबलत होती, तुला थांबता येत नव्हतं?"

"रुका था ना, साहब! भाभी चिल्लाई तो मैं रुक गया. आपने ही हाथ हिलाया, जाओ, जाओ!"

सुषमाने माझ्याकडे बघितलं. मग माझ्या हातातले दोन्ही पासपोर्ट काढून घेतले.

वीसच्या वीस वाक्यं मला तोंडपाठ होती हो, उच्चारांसकट! अर्थ तेवढा रद्दीवाल्याला कळला.