मंदाकिनीबाईंचा खालचा आवाज

पुण्यात दोन माणसांनी एकाच वेळी दोन वेगळ्या गोष्टी बोलणं नवं नाही. ते कानाला गोड लागणं मात्र नवं होतं. म्हणून एका शाळेच्या स्नेहसंमेलनात गाण्याच्या बाईंनी बसवलेलं ते दोन आवाजांचं पहाटेचं गाणं साठेक वर्षांपूर्वी पेठांमध्ये गाजलं. वरचा आवाज पद्मजा गायची, म्हणजे चाल तिची. खालचा धाकट्या बहिणीचा, मंदाकिनीचा. तो एकटा ऐकला तर कुणीही विचारावं, हे कुठलं गाणं?

लग्नं झाली, मुलं झाली, तरी दोघी ते गात राहिल्या. निमंत्रणपत्रिकेवर 'पद्मजा आणि मंडळी'. मंडळी म्हणजे मंदाकिनीबाई! एकदाच त्यांनी वरचा आवाज मागितला, तर ताई म्हणाल्या, "अगं, मग खालचा कोण गाईल?" विषय संपला. मला त्या प्रश्नाचा अजून राग येतो.

धायरीत मी मंदाकिनीबाईंचा शेजारी, पेटी वाजवतो. पद्मजाताई गेल्या आणि वर्षभरात त्यांची नात तनया कॉलेजच्या मैत्रिणी घेऊन हजर झाली.

"मंदाआजी, ते गाणं परत स्टेजवर आणायचंय. रेकॉर्डिंगमध्ये आजी एकदम क्लिअर आहे, तुझा पार्टच कळत नाही. शिकव ना!"

"शिकवते. पण कार्यक्रमात वरचा मी गाणार." पंच्याहत्तरीला बाईंनी पहिली अट घातली.

मुली खालचा आवाज शिकल्या. बाई एकट्या वरचा गायच्या तेव्हा मी थक्क व्हायचो. पण मुलींनी खालचा धरला, की दुसऱ्याच ओळीला बाईंचा गळा घसरून त्यांच्यात जाऊन बसायचा. कानात कापूस घातला, भिंतीकडे तोंड करून गाऊन पाहिलं. सगळे खाली, चालीला वाली नाही. शेवटी त्या मटकन खाली बसल्या.

"ताई गेली हो, पण मला काही सुटता येत नाही."

तनयाने हळूच विचारलं, "मंदाआजी, वरचा मी गाऊ?"

"गा."

कार्यक्रमात लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. विंगेत बाईंना गाठून मी म्हणालो, "काय लागला आज आवाज!"

"कुणाचा?" त्यांनी विचारलं.

तनयाचा आवाज अजून कानात होता. बाईंचा, खरं सांगायचं तर, वेगळा असा मला ऐकूच आला नव्हता.