नावावर खांदा

...तर साहेब त्या पिशवीभोवती फेऱ्या मारत होते, इथवर मी काल आलो होतो आणि तेवढ्यात चहा आला. रुमाल नाकाला, पॉलिशचे बूट चिखलात, पिशवीच्या पोटावर बोट ठेवून एकच प्रश्न : "आमचं नाव कुठे गेलं?"

काल जे नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. साहेब रंगाच्या कंपनीचे. पिशवी रग्बीची, म्हणजे माणसाएवढी उभी, आत फोम ठासून भरलेला. समोरून चेंडू घेऊन पळत येणाऱ्याला कसं आडवं करायचं, ते पोरं आधी या पिशवीवर शिकतात, मग एकमेकांवर. आणि शिकवणारी आमची थोरली सून. दिवसा सोफ्याच्या कारखान्यात शिलाईवर, संध्याकाळी गोदामांमागच्या मैदानावर. घाईत कधी बोटातलं अंगुस्तान काढायचं राहतं, त्याच हाताने शिट्टी धरते. पोरं तिला काकू म्हणतात आणि तिला टरकून असतात. मीही असतो, पण ते घरी सांगू नका.

मैदान भाड्याचं, दिवे भाड्याचे. पोरांच्या घरून काय मागणार? म्हणून ही बाई कंपन्यांचे उंबरे झिजवते. आता त्यातही गर्दी झालीय. पुलापलीकडे काचेच्या दारांची एक अकादमी निघालीय. तेही त्याच कंपन्यांकडे जातात. त्यांच्याकडे गार हवेची खोली, पडद्यावर हलणारी चित्रं. आमच्याकडे एक पत्र्याची शेड आणि मी, बाकावर बसलेला. तरी रंगवाल्यांनी मागच्या हंगामाला आम्हाला पैसे दिले, वर पिशव्या दिल्या. प्रत्येकीवर कमरेच्या उंचीला लाल अक्षरात कंपनीचं नाव.

सून काय खूश झाली! नावासाठी नाही हो. नव्या पोरांना कमर सापडत नाही, सगळी छातीवर जाऊन आदळतात. तिला आयती खूण मिळाली. रोज संध्याकाळी मैदानभर एकच आरोळी, "नावावर खांदा! डोकं बाजूला!" पोरं इमानाने नावावर खांदा मारत राहिली, आणि हंगाम संपेस्तोवर नाव गेलं. रंगाच्या कंपनीचा रंग उडाला, आता याहून नामुष्की ती काय असणार!

आमच्या गावच्या शाळेत एकदा पृथ्वीचा गोल आला होता. झिजेल म्हणून गुरुजींनी तो कपाटाबाहेर काढलाच नाही. आम्ही पृथ्वी न बघताच पास झालो. त्यातलीच ही माणसं.

साहेब म्हणाले, "अकादमीतल्या पिशव्या बघा. नव्या कोऱ्या आहेत अजून."

"त्यांची पोरं कुठे मारतात?" सुनेने विचारलं.

"वर, छातीवर. फोटोतही छान दिसतं. तुम्हीही तसंच शिकवा ना."

"नाव वर छापा. मी खालीच शिकवते."

"मॅडम, ठसा एकच आहे, सगळ्या क्लबांना तोच जातो. पुढच्या आठवड्यात फोटोवाला घेऊन येतो, नवी पिशवीही आणतो. बघू, मग पुढच्या हंगामाचं ठरवू."

म्हणजे आलं का लक्षात? पोरांना डोकं वर करून धडकायला शिकवा, तर पैसे. सून खेळायची तेव्हा तिच्या संघातली एक जण अशीच छातीवर गेली. समोरच्याचा गुडघा नाही की कोपर नाही, सरळ डोक्यावर डोकं. ती मैत्रीण आजही मागे बघायचं तर अख्खी वळते.

त्या रात्री घरात भांडी जरा जास्तच वाजली. आमचे चिरंजीव शहाणपणा शिकवायला गेले. "अगं, एकच दिवस वर मारू दे. फोटो झाला की पुन्हा खाली. कोण बघतंय?"

"पोरं बघतात," ती म्हणाली. "आज वर म्हटलं, उद्या खाली म्हटलं, तर मॅचमध्ये ऐन वेळी कुठे जातील ती? तू जेव."

"आणि पैसे मिळाले नाहीत तर?"

"तर शेडला कुलूप. जेव म्हटलं ना!"

पोरगा जेवला. मीही मान खाली घालून जेवलो.

फोटोवाला आला. नवी पिशवी आली, लाल नाव चकचकीत. साहेब सुनेला काही विचारीनात, थेट पोरींच्या रांगेपाशी गेले. "बेटा, नावाला हात लावायचा नाही हं. इथे, वर धडक द्यायची. जोरात!" रांगेत पहिली होती ती नुकतीच आलेली, काडीपैलवान. मोठ्या माणसाने सांगितलं, तिला काय कळतं! सुटली. हनुवटी वर, डोकं पिशवीच्या बरोबर मध्ये. मान अशी मागे गेली की मी बाकावरून उठलो. पोरगी खाली बसली आणि मानेला हात लावून रडायला लागली.

शिट्टी एवढ्या जोरात वाजली की गोदामातले हमाल बाहेर आले. सून धावली, पोरीची मान चाचपली, बोटं हलवून बघायला लावली, "दुखतंय का गं इथे?" विचारलं. पोरगी धड होती, नुसती घाबरली होती. फोटोवाला कॅमेरा हाती धरून तसाच उभा. आणि साहेब? ते पिशवीवरची माती रुमालाने पुसत होते! पिशवीवरची! या वयात माणसाने कुणाची कॉलर धरू नये म्हणतात, म्हणून धरली नाही.

सून उठली. साहेब म्हणाले, "एवढ्यातेवढ्याने काय होतंय? मॅडम, सरळ विचारतो, तुम्हाला पैसे हवेत की नकोत?"

ती जे बोलली ते मी शब्दाला शब्द सांगतो :

"हवेत. खोटं कशाला बोलू? भाडं दिलं नाही तर इथे कुलूप लागणार आहे. पण हिची मान मोडली असती, तर हिच्या आईपुढे तुमची पिशवी नेऊन उभी करू का मी, की बघा बाई, नाव कसं कोरं राहिलंय? उचला ती आणि घाला गाडीत. ए, तुम्ही सगळ्या माझं तोंड काय बघताय? जुनी पिशवी आणा आणि रांग लावा!"