हरवलेली वाट

देउझारिना मावशीला सरकारी भाषा कधी कळली नाही, आणि मला त्याचा अभिमान आहे. ब्राझीलमधल्या तापाजोस नदीच्या काठी ती जन्मली. नवरा लवकर गेला, तेव्हा तळलेली मासळी विकून तिने चार पोरं वाढवली. तोंड मात्र फटकळ.

नदीवर उतरायची आमची वाट एका सोयाबीनवाल्या कंपनीने तारेचं कुंपण घालून बंद केली. होड्या पलीकडे, आम्ही अलीकडे, चुली थंड. पोलिसांनी हात झटकले. म्हणे, नदी केंद्र सरकारची, तुम्ही शहरात केंद्राच्या प्रोकुरादोराकडे जा.

प्रोकुरादोर म्हणजे सरकारी वकील. पण आमच्या पोर्तुगीज भाषेत 'प्रोकुरार' म्हणजे शोधणं. मावशीने सरळ अर्थ लावला, हरवलेलं शोधून देणारा माणूस. कसावा कंदाच्या पिठाची पिशवी भेट म्हणून घेऊन ती माझ्या मोटरसायकलवर बसली.

"आमची वाट हरवलीय," तिने कार्यालयात सांगितलं.

"बसस्टँड समोरच आहे, आजी," कारकून म्हणाला.

"मी नाही रे हरवले. वाट हरवलीय."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आतून सरकारी वकील लिदियानेबाई बाहेर आल्या, तरुणच होत्या. त्या हसल्या नाहीत. "कुठे होती वाट? मला दाखवाल?" एवढंच म्हणाल्या. मावशीने पुढे केलेलं पीठ मात्र त्यांनी परत केलं.

"का? माझं पीठ वाईट आहे?"

"मला घेता येत नाही, देउझारिनाबाई."

मावशी घरापर्यंत फुगून होती.

लिदियानेबाई आल्या, कुंपणाकाठी चिखलात फिरल्या आणि त्यांनी कंपनीवर दावा लावला. कोर्टात कंपनीचा वकील खवचटपणे म्हणाला, "सरकारी वकिलांनी चोर पकडावेत, हरवलेल्या वाटा शोधत फिरू नये."

"माझ्या पदाचा अर्थ या बाईंना बरोबर कळलाय," लिदियानेबाई न्यायाधीशांना म्हणाल्या. "नदी देशाची आहे आणि हे लोक तिच्यावर जगतात. त्यांचा हक्क शोधून देणं हेही आमचंच काम आहे."

माझी छाती तेव्हा जी फुगली, ती अजून खाली बसलेली नाही.

निकाल आमच्या बाजूने लागला. कुंपण निघालं त्या दिवशी लिदियानेबाई पाहणीला आल्या. मावशी पिशवी घेऊन उभीच होती.

"आता तरी घे, पोरी."

"आताही नाही घेता येत."

मावशी माझ्याकडे वळली. "बघितलंस? शोधून देते आणि घेत काहीच नाही. हिला सरकारी कोण म्हणेल?"

मग पिठाची पिशवी डोक्यावर ठेवून ती त्याच वाटेने नदीकडे उतरू लागली.